टॅब्लेटवर डेटा एन्ट्री खरंच जमते का? नवीन लोकांनी काय काय तपासायचं

सरळ उत्तर आधीच देऊन टाकतो, कारण बरेच जण तेवढ्यासाठीच आलेले असतात. नुसत्या टॅब्लेटवर, म्हणजे काचेवरच्या कीबोर्डवर बोटं आपटत रोज सहा-आठ तास डेटा एन्ट्री करायची म्हणाल तर नका करू. होतच नाही असं नाही, पण वेळ जास्त जातो, चुका वाढतात आणि मान-खांदे आठवड्याभरात कुरकुरायला लागतात. बाहेरचा कीबोर्ड, माउस, स्टँड असं सगळं जोडलं तर बऱ्यापैकी जमतं, पण मग तुम्ही टॅब्लेटचा कॉम्प्युटर करत बसलेले असता आणि एवढा खर्च करायचाच तर साधा लॅपटॉप का नाही हा प्रश्न उरतोच. आणि काही कामं अशीही आहेत जिथे टॅब्लेट लॅपटॉपपेक्षा सरळसरळ भारी पडतो, तिथे लॅपटॉप नेणाऱ्याचीच फजिती होते.

त्यामुळे टॅब्लेट चांगला का वाईट असं विचारून काही हाती लागत नाही, आपलं काम काय आहे ते आधी बघायचं. खाली ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने तपासत जा. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीलाच उत्तर "नाही" आलं तर पुढचं वाचूच नका, पैसे वाचले.

पायरी १: तुमची डेटा एन्ट्री नेमकी कुठली?

"डेटा एन्ट्री" म्हणून लोक चार वेगवेगळी कामं सांगतात आणि सगळा घोळ तिथेच होतो.

एक म्हणजे समोर कागदाचा गठ्ठा किंवा स्कॅन केलेल्या पानांचं फोल्डर आणि ते बघून जसंच्या तसं टाइप करत सुटायचं. डोळे कागदावर, बोटं कीबोर्डवर, स्क्रीनकडे अधूनमधून एक नजर. खरी जड डेटा एन्ट्री ही, आणि इथे काचेचा कीबोर्ड पार आपटतो कारण काचेवर बोट कुठे पडतंय ते न बघता कळत नाही. साध्या कीबोर्डवर एफ आणि जे या कीजवर एक बारीक उंचवटा असतो, न्यूमपॅडवर, म्हणजे कीबोर्डच्या उजवीकडच्या वेगळ्या आकड्यांच्या कीजमध्ये, ५ च्या कीवर असतो, तो चाचपडून हात आपोआप जागेवर येतो. काचेवर तसं काही नसल्यामुळे नजर कागदावरून उचलून खाली, मग वर शीटमध्ये, मग परत कागदावर कुठल्या ओळीवर होतो ते शोधायचं. प्रत्येक नोंदीला.

दुसरं काम म्हणजे जागेवर जाऊन माहिती गोळा करायची, घरोघरी सर्व्हे, गोदामातला स्टॉक, मशीनची तपासणी, रुग्णांची नोंदणी असलं काही. इथे टाइपिंग कमी आणि निवडणं जास्त, हो-नाही, यादीतून एक, तारीख, फोटो, बारकोड. उभ्याने, चालता चालता करायचं. इथे टॅब्लेट हवाच.

तिसरं म्हणजे आधीच असलेला डेटा साफ करायचा, दुबार नोंदी काढा, स्पेलिंग सारखं करा, दोन शीट जुळवून बघा. टाइपिंग थोडं पण एका वेळी खूप काही डोळ्यासमोर लागतं, फिल्टर लागतात, फॉर्म्युले लागतात. टॅब्लेटवर हे काम फार चिडचिडं होतं, मला तर वाटतं पहिल्या प्रकारापेक्षाही जास्त, कारण पहिल्या प्रकारात निदान कीबोर्ड जोडला की निम्मं दुखणं जातं, इथे स्क्रीनच छोटी पडते.

चौथं म्हणजे एखाद्या पोर्टलवर एक एक करून फॉर्म भरणं, इथून कॉपी तिथे पेस्ट. हे मधलं आहे, पोर्टल कसं बनवलंय त्यावर सगळं ठरतं.

आपलं काम यातलं कुठलं, किंवा कुठल्या दोनचं मिश्रण, ते एका कागदावर लिहून ठेवा. मिश्रण असेल तर दिवसाचा जास्त वेळ कशात जातो ते बघा.

पायरी २: स्पीडचा हिशेब करा

डेटा एन्ट्रीच्या जागांच्या जाहिरातीत बऱ्याचदा तासाला ८,००० ते १०,००० कीस्ट्रोकची अट असते. आकडा भयंकर वाटतो पण फोडून बघा, १०,००० भागिले ६० म्हणजे मिनिटाला साधारण १६७ कीज, आणि एक शब्द म्हणजे पाच कीज असं धरतात त्यामुळे मिनिटाला ३३ शब्द. हे काही फार नाही.

आता काचेवर लोक किती स्पीडने टाइप करतात? फिनलंडचं आल्टो विद्यापीठ, केंब्रिज आणि झुरिकचं ईटीएच यांच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ३७,००० लोकांचं मोबाइलवरचं टाइपिंग मोजलं होतं, त्यात सरासरी आली मिनिटाला ३६ शब्द. आदल्या वर्षी आल्टो आणि केंब्रिजच्याच लोकांनी साध्या कीबोर्डवर १,६८,००० लोकांचं मोजलं तेव्हा सरासरी होती ५२. म्हणजे ३६ गुणिले पाच गुणिले ६० केलं तर तासाला १०,८०० कीस्ट्रोक, अट पूर्ण, मग अडचण काय?

अडचण अशी की ती चाचणी सरळ वाक्यांची होती, ऑटोकरेक्ट चालू ठेवून टाइप करणारेही त्यात होते, आणि काही वाक्यांपुरतीच होती. डेटा एन्ट्रीत सरळ वाक्यं कुठे असतात? नावं, पत्ते, कोड, आकडे, मध्येच एक तिरकी रेघ, मध्येच डॅश. ऑटोकरेक्ट इथे मदत करत नाही, उलट नुकसान करतं, त्यावर पुढे येतोच. आकड्यांसाठी दर वेळी वेगळ्या पानावर जायचं, चिन्हासाठी तिसऱ्या पानावर, आणि असं दिवसभर.

चुकांचंही बघा. त्याच मोबाइलच्या अभ्यासात न सुधारता राहून गेलेल्या चुका साधारण २.३ टक्के निघाल्या. ऐकायला कमी वाटतं. पण हाच दर धरून १२ आकडी खाते नंबर टाइप केला तर ढोबळ हिशेबाने दर चारातला एक नंबर कुठेतरी चुकलेला असेल. वाक्यात एक अक्षर चुकलं तर माणूस समजून घेतो, खाते नंबरात एक आकडा चुकला तर तो दुसऱ्याच कुणाचा नंबर होतो.

आकड्यांचा आणखी एक त्रास लोकांच्या लक्षात येत नाही. फोन-टॅब्लेटच्या आकड्यांच्या कीपॅडवर वरच्या ओळीत १-२-३ असतात, कॉम्प्युटरच्या न्यूमपॅडवर वर ७-८-९ असतात. न्यूमपॅडची सवय असलेला माणूस काचेवर आला की बोटं उलटी पडतात, आणि काचेची सवय लावून घेतली की ऑफिसच्या कॉम्प्युटरवर गडबड. नवीन शिकत असाल तर सरळ न्यूमपॅडच शिका, पुढे कुठेही कामाला येतो.

थोडक्यात या पायरीवर एवढंच करा की आपल्या एका नोंदीत साधारण किती अक्षरं आहेत, त्यातले आकडे किती, आणि दिवसाला किती नोंदी करायच्यात ते मांडा. दिवसाला पन्नास-साठ छोट्या नोंदी असतील तर कशावरही करा, काही फरक पडत नाही. शेकड्यात जात असेल तर पुढे वाचा.

पायरी ३: सॉफ्टवेअर चालतं का ते आधी बघा, वस्तू नंतर घ्या

बरेच लोक टॅब्लेट घेतात, कीबोर्ड घेतात, सुंदर कव्हर पण घेतात आणि मग कळतं की ज्या कंपनीचं काम आहे तिचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. एक्झी फाइल, म्हणजे विंडोजसाठी बनवलेला प्रोग्राम, अँड्रॉइडवर किंवा आयपॅडवर चालत नाही, विषय संपला.

एक्सेलचं म्हणाल तर टॅब्लेटवरचं एक्सेल आणि कॉम्प्युटरवरचं एक्सेल ही नाव सारखं असलेली दोन वेगळी सॉफ्टवेअर समजा. अँड्रॉइड आणि आयपॅडवरच्या एक्सेलमध्ये व्हीबीए मॅक्रो, म्हणजे एक्सेलच्या फाइलमध्येच लिहिलेले छोटे प्रोग्राम, चालत नाहीत. फाइल उघडेल, आकडे दिसतील, पण ते जे "सेव्ह करून पुढची नोंद" वालं बटण कुणीतरी बनवून दिलंय ते दाबलं तर काही होणार नाही. ब्राउझरमधल्या एक्सेलमध्येही ते मॅक्रो चालत नाहीत, म्हणजे तिकडून पळवाट नाही. गूगल शीट्समध्ये कुणी स्क्रिप्ट लिहून स्वतःचा मेनू बनवला असेल तर तो टॅब्लेटच्या अ‍ॅपमध्ये दिसत नाही, ब्राउझरमधून डेस्कटॉप साइट उघडली तर दिसू शकतो पण मग ते पान हळू चालतं आणि बोटाने सेल पकडताना जीव जातो.

विंडोजवाला टॅब्लेट, उदाहरणार्थ मायक्रोसॉफ्टचे सरफेस प्रो, हा वेगळा प्राणी आहे, तो आतून पूर्ण कॉम्प्युटरच. त्यावर हे सगळं चालतं. फक्त एक बघा, आत प्रोसेसर आर्म जातीचा आहे का, म्हणजे फोनमध्ये असतो तसा, नेहमीच्या इंटेल-एएमडीपेक्षा वेगळा. असेल तर बहुतेक सॉफ्टवेअर चालून जातात पण जुना स्कॅनर, जुना प्रिंटर किंवा यूएसबीची चावी (काही सॉफ्टवेअर जी लावल्याशिवाय उघडत नाहीत ती) लावायची असेल तर त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ती वस्तू चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, आर्मसाठी मिळायला लागतो, आणि जुन्या वस्तूंचा तो बहुधा मिळत नाही.

रिमोट डेस्कटॉप हा एक मार्ग आहे, ऑफिसात किंवा घरी कॉम्प्युटर चालू ठेवायचा आणि टॅब्लेटवरून त्याचीच स्क्रीन बघत काम करायचं. चालतं, पण इंटरनेट जरा अडखळलं की तुम्ही दाबलेली की आणि स्क्रीनवर उमटलेलं अक्षर यात अंतर पडतं आणि न बघता टाइप करणाऱ्याला ते फार छळतं. दिवसभराच्या कामाला मी हे सुचवणार नाही, प्रवासात एखादी दुरुस्ती करायला उत्तम.

आता कागदावर लिहा: कुठलं सॉफ्टवेअर, अ‍ॅप आहे का वेबसाइट, मॅक्रो आहेत का, यूएसबीची काही चावी लागते का. ज्यांच्याकडून काम घेताय त्यांना विचारा. "हो चालेल बहुतेक" हे उत्तर धरायचं नाही, त्यांच्या इतर लोकांपैकी कुणी टॅब्लेटवर करतं का ते विचारा.

पायरी ४: कीबोर्ड, म्हणजे अर्धी लढाई

इथवर सगळं "हो" आलं असेल तर आता कीबोर्डकडे या. टॅब्लेटच्या कव्हरला चिकटलेला पातळ कीबोर्ड ईमेल लिहायला ठीक असतो, आकड्यांच्या कामाला नाही, कारण त्याला न्यूमपॅड नसतो आणि कीज जवळजवळ असतात. पूर्ण आकाराचा, न्यूमपॅडवाला साधा कीबोर्ड घ्या. किंवा कव्हरवाला आहेच म्हणत असाल तर सुटा न्यूमपॅड मिळतो, तो जोडा.

ब्लूटूथ का वायर? मी वायरवाला म्हणेन. ब्लूटूथ कीबोर्ड बॅटरी वाचवायला काही मिनिटांनी झोपतो आणि पुन्हा टाइप करायला घेतलं की जागा होईपर्यंतच्या पहिल्या एक-दोन कीज बऱ्याचदा गिळतो. चॅट करताना काही बिघडत नाही, पण ४५१२ चं ५१२ झालं आणि तुम्ही कागदाकडे बघत होतात तर ते कुणाच्याच लक्षात येत नाही. वायरवाल्याला किंवा डोंगलवाल्याला (यूएसबीत छोटा रिसीव्हर लावून चालणारा बिनवायरचा कीबोर्ड) यूएसबी-सीचा छोटा हब, म्हणजे एका तोंडाची अनेक तोंडं करणारी डबी, लागेल. हब घेताना असा घ्या ज्यातून चार्जिंगही आत जातं, नाहीतर टॅब्लेटचं एकमेव तोंड कीबोर्डने अडवलं की दुपारनंतर बॅटरी संपायला येते आणि मग कीबोर्ड काढून चार्जर लावायची कसरत.

माउसही घ्याच. आयपॅडला माउस आधी २०१९ मध्ये एका कोपऱ्यातल्या सेटिंगमधून चालू करावा लागायचा, मार्च २०२० च्या अपडेटपासून व्यवस्थित चालतो, आणि अँड्रॉइडवर तर कधीचाच चालतो. शीटमध्ये चार सेल निवडून ओढायचे असतील तर बोटापेक्षा माउस कितीतरी बरा.

जोडून झालं की खरं बघायचं ते हे, बरं का. शीट उघडा आणि टॅब की दाबत उजवीकडे चार-पाच सेल भरा, मग एंटर दाबा. कॉम्प्युटरवर कर्सर खालच्या ओळीत पहिल्या सेलला परत येतो, ज्याने हे हजार वेळा केलंय त्याचा हात त्यावरच चालतो. तुमच्या टॅब्लेटच्या अ‍ॅपमध्ये येतो का? मग कंट्रोल आणि डी दाबून वरचा सेल खाली उतरतो का, कंट्रोल आणि झेडने मागे जाता येतं का, बाणाच्या कीजने सेल बदलतो का का सेलच्या आतल्या आतच फिरतो. ज्या कामात तासाला हजारो कीज पडतात तिथे दर नोंदीला एकदा हात उचलून स्क्रीनला लावायला लागला तरी स्पीड गेला. आयपॅडवर कमांड की दाबून धरली की त्या अ‍ॅपमध्ये कुठले शॉर्टकट चालतात त्याची यादी दिसते, ती बघून घ्या.

पायरी ५: स्क्रीन आणि बसणं

दहा इंची टॅब्लेट आणि २४ इंची मॉनिटर यात आकडा दुपटीच्या थोडा वर दिसतो पण जागा मोजली तर मॉनिटरची पाचपट भरते. आडव्या टॅब्लेटवर काचेचा कीबोर्ड उघडला की त्यातलीही जवळपास निम्मी गेली. उरलेल्या पट्टीत शीटच्या सात-आठ ओळी, वर मेनू. बाहेरचा कीबोर्ड जोडला की निदान ही निम्मी जागा परत मिळते, आणि तरीही काचेचा कीबोर्ड वर येतच असेल तर सेटिंगमध्ये फिजिकल कीबोर्डच्या विभागात तो लपवायचा पर्याय असतो.

स्कॅन केलेलं पान आणि शीट एकाच टॅब्लेटवर अर्धी-अर्धी लावून काम करायचं असं बरेच जण ठरवतात. करून बघा, पण त्यात एक गोची आहे, पान वर सरकवायला बोट लावलं की कर्सर शीटमधून निघून जातो, परत शीटवर बोट लावून सेल पकडा मग टाइप करा. त्यापेक्षा पान दुसऱ्या कशावर तरी दाखवा, जुना फोन असेल, कागदाचा प्रिंट असेल, आणि टॅब्लेटवर फक्त शीट. किंवा टॅब्लेटलाच बाहेरचा मॉनिटर लावा. सॅमसंगच्या काही टॅब्लेटवर डेक्स नावाचा कॉम्प्युटरसारखा मोड २०१८ पासून आहे, वरच्या किमतीच्या आयपॅडवर २०२२ पासून मॉनिटरवर वेगळ्या खिडक्या उघडता येतात. पण एवढं सगळं लावून बसलात म्हणजे टेबलावर मॉनिटर, कीबोर्ड, माउस, हब, आणि मध्ये एक महागडा टॅब्लेट जो आता फक्त सीपीयूचं काम करतोय. ठीक आहे, घरात पडलाय म्हणून वापरताय तर चांगलंच, मुद्दाम यासाठी विकत घेऊ नका.

बसण्याबद्दल. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणि कीबोर्ड कोपराच्या पातळीला असावा असं म्हणतात, आणि कव्हरला चिकटलेल्या कीबोर्डवर हे दोन्ही एकदम होऊच शकत नाही, एक तर मान वाकते नाहीतर हात वर उचलावे लागतात. म्हणून टॅब्लेट उंच स्टँडवर, नाहीतर चार जाडजूड पुस्तकांवर, आणि कीबोर्ड वेगळा खाली. उभ्या स्क्रीनला सारखा हात लावत राहिलं तर खांदा भरून येतो, माउस घ्या म्हणालो त्याचं हेही कारण. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब कुठेतरी, साधारण वीस फुटांवर बघायचं, हा डोळ्यांचा नियम छोट्या स्क्रीनला तर जास्तच लागू.

पायरी ६: काम सुरू करायच्या आधी या सेटिंग बंद करा

ही पायरी लोक सोडून देतात आणि नंतर डोक्याला हात लावतात. टॅब्लेट हे गप्पा मारायला आणि ईमेल लिहायला बनवलेलं यंत्र आहे, ते तुमचं लिहिणं "सुधारत" बसतं.

ऑटोकरेक्ट बंद. आडनाव थोडं वेगळं असलं की हे त्याचा एखादा नेहमीचा शब्द करून टाकतं आणि ते दिसायला इतकं नीट दिसतं की तपासणाऱ्यालाही कळत नाही. पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करणं बंद, कोड असतात त्यात वाट लागते. दोनदा स्पेस दाबली की टिंब टाकणं बंद. आयपॅडवर "स्मार्ट पंक्च्युएशन" नावाची गोष्ट आहे, ती सरळ अवतरणचिन्हाचं वाकडं करते आणि दोन डॅशची एक लांब रेघ करते, माणसाला फरक जाणवत नाही पण तो डेटा दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भरताना नेमका तिथेच अडकतो. आयपॅडवर बाहेरचा कीबोर्ड जोडलेला असतानाच "हार्डवेअर कीबोर्ड" म्हणून एक वेगळं पान दिसतं, ऑटोकरेक्ट तिथेही वेगळं बंद करावं लागतं.

देवनागरीत काम असेल तर आकड्यांकडे लक्ष ठेवा. मराठी कीबोर्डवरून १२३ असे आकडे गेले तर बरीच सॉफ्टवेअर त्यांना आकडा न धरता अक्षरं धरतात आणि बेरीज येत नाही, कुठले आकडे हवेत ते काम देणाऱ्याला आधीच विचारून घ्या. आणि काचेच्या कीबोर्डवर मराठी छान येतं म्हणजे बाहेरच्या कीबोर्डवरही तसंच येईल असं धरू नका, लेआउट वेगळा निवडावा लागतो, तुम्हाला इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा सरकारी प्रमाण कीबोर्ड लेआउट) येत असेल आणि तिथे भलतंच काही उमटत असेल तर हाताचा सगळा सराव वाया.

टॅब्लेटचा रीजन आणि तारखेचा फॉरमॅटही बघा. दिवस आधी का महिना आधी यावरून ५/६ ची मे मधली तारीख झाली का जूनमधली हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

शीटच्या बाजूने, कॉलम आधीच "टेक्स्ट" करून ठेवा जिथे नंबर हे नाव म्हणून वापरलेत, फोन नंबर, पिन, खाते नंबर, कार्ड नंबर. नाहीतर सुरुवातीचा शून्य उडतो, आणि एक्सेल पंधरा आकड्यांपुढचं लक्षात ठेवत नाही, सोळावा आकडा शून्य करून टाकतं. ही कॉम्प्युटरवरचीही भानगड आहे, पण छोट्या स्क्रीनवर ती पकडली जात नाही. एक्सेलच्या या आपोआप बदलण्याने शास्त्रज्ञसुद्धा एवढे वैतागले की माणसाच्या शरीरातल्या ज्या जनुकांची नावं मार्च आणि सेप्ट अशी होती त्यांची एक्सेल तारीख करून टाकायचं म्हणून जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने शेवटी जनुकांचीच नावं बदलली, २०२० ची गोष्ट आहे. एक्सेल बदलायची वाट बघण्यापेक्षा ते सोपं पडलं त्यांना.

पायरी ७: टॅब्लेट जिथे जिंकतो तिथे त्याला जिंकू द्या

फिरतीचं काम असेल तर शीट उघडून सेलमध्ये टाइप करत बसू नका, फॉर्म बनवा. ओडीके हे २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू झालेलं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्याचं कलेक्ट नावाचं अ‍ॅप अँड्रॉइडवर चालतं. त्याच पायावर उभं असलेलं कोबो टूलबॉक्स आहे, मदतकार्य करणाऱ्या संस्था ते खूप वापरतात. फॉर्म एका साध्या एक्सेल फाइलमध्ये लिहायचा, प्रश्न, पर्याय, अटी. वय १२० च्या वर टाकलं तर पुढे जाऊ नको. पहिल्या प्रश्नाला "नाही" म्हटलं तर पुढचे चार विचारू नको. फोटो काढ, लोकेशन घे, बारकोड वाच. नेटवर्क नसेल तर टॅब्लेटवरच साठतं आणि नेटवर्क आलं की पाठवता येतं.

याचा खरा फायदा स्पीडचा नाहीये, कागद मध्ये येत नाही हा आहे. आधी कागदावर लिहा मग ते बघून टाइप करा यात चूक व्हायला दोन जागा असतात आणि चूक सापडते तेव्हा उत्तर देणारा माणूस निघून गेलेला असतो. फॉर्मने जागेवरच अडवलं तर तिथल्या तिथे विचारता येतं. म्हणून दिवसभर कागदावरून टॅब्लेटवर टाइप करायचं काम हातात असेल तर एकदा काम देणाऱ्याला विचारून तर बघा की मुळात तो कागदच भरायची गरज आहे का. कधीकधी नसते.

कॅमेऱ्याचंही सांगतो. एक्सेलच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये २०१९ पासून छापलेल्या तक्त्याचा फोटो काढून त्याचे सेल बनवायची सोय आहे, शंका असलेले सेल ते तुम्हाला तपासायला दाखवतं. छापील, स्वच्छ, सरळ तक्ता असेल तर वेळ चांगला वाचतो. हाताने लिहिलेला कागद असेल तर १ आणि ७ मध्ये, ० आणि ६ मध्ये घोळ होणारच, आणि त्याने ज्या सेलवर शंका घेतली नाही तोही चुकलेला असू शकतो. बोलून टाइप करणं शेरा-टिप्पणीच्या कॉलमला ठीक, आकड्यांना नको.

पायरी ८: डेटा जाऊ नये म्हणून

टॅब्लेटची मेमरी, म्हणजे रॅम, भरली की तो मागचं अ‍ॅप गुपचूप बंद करतो. तुम्ही पोर्टलवर अर्धा फॉर्म भरून कॅल्क्युलेटर बघायला गेलात, परत आलात, पान पुन्हा लोड झालं, फॉर्म रिकामा. म्हणून लांब फॉर्म असेल तर "ड्राफ्ट सेव्ह" आहे का बघा, नसेल तर आधी बाकी सगळी माहिती जवळ काढून ठेवा मगच फॉर्म उघडा, आणि काम चालू असताना बाकी अ‍ॅप बंद.

ईमेलमधून आलेली फाइल थेट उघडून भरायला घेऊ नका. टॅब्लेट तिची एक कॉपी कुठल्या तरी कोपऱ्यात करतो, तुम्ही दोन तास त्यात भरता आणि पाठवताना मूळची रिकामी फाइल जोडता. आधी एका ठरलेल्या फोल्डरमध्ये सेव्ह करा, नावात तारीख टाका, तिथूनच उघडा. ऑफलाइन काम असेल तर संध्याकाळी सिंक झालं का ते दुसऱ्या यंत्रावरून उघडून बघा, टॅब्लेटवर "सेव्ह झालं" लिहिलंय तेवढ्यावर जाऊ नका.

आणि तपासणी. पंच कार्डाच्या जमान्यात एकाने टाइप केलेलं दुसरा माणूस व्हेरिफायर मशीनवर परत टाइप करायचा, जुळलं नाही की मशीन अडायचं. आजही महत्त्वाच्या आकड्यांना यापेक्षा चांगला उपाय नाही. सगळं नाही तर निदान पैशाचे आणि ओळखीचे कॉलम दोनदा भरा आणि शीटला जुळवू द्या.

पायरी ९: चाचणी

आता खरी परीक्षा. आपल्या कामातल्याच शंभर नोंदी घ्या, सोप्या निवडून घेऊ नका, जशा येतील तशा. पन्नास टॅब्लेटवर, पन्नास कॉम्प्युटरवर, कुणाचा तरी मागून आणा तासा-दोन तासांसाठी. दोन्हीकडे तीन गोष्टी लिहा: वेळ किती लागला, नंतर कागदाशी ताडून बघितल्यावर चुका किती निघाल्या, आणि शेवटच्या दहा नोंदींना पहिल्या दहाच्या मानाने किती जास्त वेळ लागला. तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, सुरुवातीला उत्साहात काचेवरही हात पळतो, दमल्यावर काय होतं ते दिवसभराचं खरं चित्र. नोंदीमागे पैसे मिळत असतील तर दोन्हीकडचा तासाचा आकडा काढा, वाद मिटला.

माझं मत विचाराल तर, टॅब्लेटवर वेळ एक-पंचमांशपेक्षा जास्त वाढत असेल किंवा चुका दुप्पट होत असतील तर त्यावर रोजचं काम घेऊ नका. त्यापेक्षा जुना, वापरलेला, दिसायला कसाही असलेला डेस्कटॉप, मोठा मॉनिटर आणि न्यूमपॅडवाला कीबोर्ड नव्या टॅब्लेटपेक्षा जास्त कमावून देतो. फरक त्याहून कमी असेल आणि टॅब्लेट घरात आधीच असेल तर कीबोर्ड, माउस, हब आणि स्टँड एवढं घेऊन सुरू करा, पहिले काही दिवस कमी काम घ्या, आणि ज्यांचं काम आहे त्यांना पहिल्या पन्नास नोंदी आधी पाठवून फॉरमॅट बरोबर आहे ना ते लेखी विचारून घ्या, मगच पुढच्या हजार भरा.